चुना, जांभा आणि बिडाचे खांब : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीविषयीच्या या सदराकडे गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे इंग्रज आणि पोर्तुगीज अमदानीतील इमारतींबद्दल होती. काहींनी स्वतःच्या घराविषयी विचारले आहे, तर काहींनी सार्वजनिक वास्तू, पुतळे आणि पडझड झालेली चर्च यांविषयी. एकाच विषयावर आलेली पत्रे एकत्र करून, ठिकाणाच्या उल्लेखासह, पण नावे न देता येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : पाचगणीतील आमचा बंगला इंग्रजी काळातला, शंभर वर्षांहून जुना आहे. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या आणि छप्पर कौलारू आहे. ओल येते म्हणून दहाएक वर्षांपूर्वी कंत्राटदाराच्या सल्ल्याने आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला आणि वर पाणी अडवणारा रंग दिला. आता ओल पूर्वीपेक्षा वर चढली आहे, गिलाव्याचे मोठे पोपडे सुटतात आणि त्यांच्याबरोबर दगडाचा भुगाही पडतो. पुन्हा चांगल्या प्रतीचे सिमेंट वापरावे का? (पाचगणी)

उत्तर : नाही. आपल्या पत्रातील दगडाच्या भुग्याचा उल्लेख सर्वांत महत्त्वाचा आहे. चुन्यात बांधलेल्या भिंतीत दर्जा (चिऱ्यांमधले चुन्याने भरलेले सांधे) आणि गिलावा हे मुद्दाम दगडापेक्षा मऊ ठेवलेले असतात. झीज व्हायचीच असेल तर ती त्यांची व्हावी आणि वीस-पंचवीस वर्षांनी त्यांची डागडुजी करावी, दगडाला मात्र धक्का लागू नये, हा त्यामागचा हिशेब असतो. सिमेंटने तो हिशेब उलटा केला. गिलावा कडक झाला आणि त्याच्यामागचा जांभा झिजू लागला.

पाण्याचे म्हणाल तर जुन्या भिंतीत पाणी शिरतेच. जमिनीतून थोडे वर चढते, पावसाच्या झोडीने थोडे आत येते, आणि सच्छिद्र चुन्यातून वाफ होऊन निघूनही जाते. सिमेंटचा गिलावा उन्हापावसात तापतो-निवतो, त्याला केसासारख्या भेगा पडतात आणि त्या भेगांतून पाणी आत जाते. परंतु बाहेर पडायला त्याला मोकळी वाट उरत नाही. मग ते भिंतीतूनच वर सरकते आणि जाताना विरघळलेले क्षार सोबत नेते. गिलाव्याच्या मागे पाणी सुकले की त्या क्षारांचे स्फटिक दगडाच्या छिद्रांत वाढतात आणि दगडाचा पृष्ठभाग आतून फोडतात. आपण ज्याला भिंतीला लोणा लागला असे म्हणतो, तो हाच. सिमेंट स्वतःही अशा क्षारांत भर घालते. त्यावरच्या प्लास्टिक रंगाने उरलीसुरली वाटही बंद केली.

दुरुस्तीचा आरंभ गिलाव्यापासून करू नये. आधी पाणी कोठून येते ते पाहावे. पाचगणीच्या पावसात निम्म्याहून अधिक तक्रारी फुटलेली कौले, तुंबलेल्या पन्हळी आणि भिंतीलगत सोडलेले नळ यांतून उद्भवतात. दुसरे, बंगल्याभोवतीची जमीन पूर्वीपेक्षा उंच झाली आहे का ते तपासावे. वाहनांसाठी टाकलेली खडी, बागेची भर, वेळोवेळी वर आलेला रस्ता यांमुळे मूळ जोते जमिनीत गाडले जाते आणि जोत्याच्या वरची भिंत थेट ओल्या मातीला टेकते. ती भर काढून जोते मोकळे केले आणि पाणी घरापासून लांब वाहून जाईल असा उतार दिला, तर एका पावसाळ्यात फरक दिसतो. भिंतीलगत काँक्रीटचा पट्टा मात्र घालू नये. जमिनीतली ओल त्याच्याखाली कोंडते आणि भिंतीकडे वळते.

त्यानंतर सिमेंट काढावे. एका कोपऱ्यात हातभर जागेवर छिन्नी-हातोडीने प्रयोग करून पाहावा. गिलावा चिऱ्यापासून सहज सुटला तर पुढे जावे. जेथे तो दगडाचा पापुद्रा घेऊनच निघतो तेथे हात आवरावा आणि तेवढा भाग राहू द्यावा. यांत्रिक ब्रेकर अजिबात लावू नये. मोकळी झालेली भिंत एक कोरडा हंगामभर तशीच ठेवली तर उत्तम; वर येणारे क्षार कोरड्या ब्रशने झाडून काढावेत, पाण्याने धुऊ नयेत, नाहीतर ते पुन्हा भिंतीत जातात.

नवा गिलावा चुन्याचा. पिशवीत मिळणारी जुनाट सफेदीची पूड यासाठी निकामी असते, कारण तिच्यातील बराचसा चुना हवेशी संयोग पावून आधीच निर्जीव झालेला असतो. भट्टीतला कळीचा चुना पाण्यात विझवून, त्याची लोण्यासारखी लगदी पाण्याखाली निदान काही आठवडे मुरू द्यावी. ती धारदार, धुतलेल्या वाळूबरोबर घाण्यात किंवा चक्कीत मळावी. ओलीच्या भागात सुरखी, म्हणजे नीट भाजलेल्या विटांची भुकटी घातल्यास चुना ओलाव्यातही घट्ट होतो. जुने गवंडी गूळ, बेलफळ, हिरडा यांचे पाणी घालतात. त्याने चुना कामाला सोपा होतो हे खरे. पण त्यालाच सारे श्रेय देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मुरवणे, मळणे आणि लावल्यानंतर जपणे या तीन गोष्टी चुकल्या तर गुळाने काही वाचत नाही.

एका वेळी बोटभराहून जाड थर देऊ नये. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीच बनतो. त्यासाठी त्याला हवा लागते आणि थोडा ओलावाही लागतो. म्हणून काही दिवस ओली गोणपाटे टांगून ऊन-वाऱ्यापासून गिलावा जपावा लागतो. तो पक्व झाला की नाही हे पाहण्याची सोपी रीत आहे : एक तुकडा मोडून ताज्या कडेवर फिनॉल्फ्थॅलीन या रंगसूचक रसायनाचा थेंब टाकावा. कड गर्द गुलाबी झाली तर चुना अजून कच्चा आहे. बाहेरून आत जसजसा रंगहीन पट्टा रुंदावतो तसतसा चुना पक्व होत जातो. वरून रंग द्यायचा तो चुन्याच्या सफेदीचाच. काम दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत संपवावे. खर्च सिमेंटपेक्षा अधिक येईल आणि कंत्राटदार कुरकुर करील, हे गृहीत धरावे.

प्रश्न : जुन्या गोव्यातील बॉम जेझूची बॅसिलिका पूर्वी पांढरी होती, असे ऐकले. आता तिच्यावर पुन्हा गिलावा करावा अशी मागणी होत आहे. आम्ही लहानपणापासून तिला लालच पाहत आलो. पांढरा गिलावा करणे म्हणजे वारशाची मोडतोड नव्हे का? (मडगाव)

उत्तर : वरच्या पाचगणीच्या उत्तरातला जांभा येथेही आहे, म्हणून हा प्रश्न लागोपाठ घेतला. बॅसिलिकेचे बांधकाम १५९४ साली सुरू झाले आणि १६०५ साली ती पवित्र करण्यात आली. तिच्या दर्शनी भागातील कोरीव काळा दगड वसईहून आणलेला आहे. मात्र भिंतींचा मुख्य भार जांभ्यावर आहे आणि त्या जांभ्यावर साडेतीनशे वर्षे चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकाच्या आरंभी पोर्तुगालहून आलेल्या बाल्ताझार कास्त्रो या वास्तुतज्ज्ञाच्या देखरेखीखाली तो काढून टाकण्यात आला. उघडा दगड म्हणजे अस्सल आणि प्राचीन, ही त्या काळातील युरोपीय अभिरुची. पोर्तुगालमधील अनेक वास्तूंवर तिचा प्रयोग आधीच झाला होता. तेथे बहुतेक ठिकाणी कठीण दगड असल्याने फारसे बिघडले नाही. गोव्यात दगड जांभा होता आणि पाऊस कोकणचा.

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेवर ठेवल्यावर कठीण होतो, एवढे सर्वांना माहीत असते. त्याची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. त्याची घडण एकसारखी नसते. लोहयुक्त कठीण जाळीत मातीचे मऊ कप्पे असतात. पावसाचे पाणी सतत आपटले की आधी ते कप्पे धुऊन जातात, मग जाळी उघडी पडते, तिच्यात पाणी साचते, शेवाळ धरते, आणि शेवटी जाळीही ढासळू लागते. चिऱ्यांच्या दर्जांतील चुना तर त्याआधीच वाहून गेलेला असतो. ज्यांनी ही भिंत बांधली त्यांना हे ठाऊक होते. उघडा ठेवण्यासाठी त्यांनी वसईचा दगड आणला आणि जांभा झाकला. शेजारच्या से कॅथेड्रलकडे पाहावे : जांभा तोच, पाऊस तोच, पण अंगावर चुना आहे.

राहिला वारशाचा मुद्दा. दुरुस्तीच्या क्षेत्रात सर्वमान्य असलेल्या १९६४च्या व्हेनिस सनदेत असे म्हटले आहे की, वास्तूवर वेगवेगळ्या काळांनी केलेले संस्कार आदरानेच पाहावेत, कारण एकाच शैलीची शुद्धता हे दुरुस्तीचे उद्दिष्ट नव्हे. या कलमाचा आधार घेऊन लाल रूपही इतिहासाचा भाग झाले, असे म्हणता येते, आणि आपल्यासारख्या तीन पिढ्यांची त्या रूपाशी जडलेली आठवण हलकी नाही. परंतु आदर ठेवायचा तो पूर्वीच्या काळाने घातलेल्या भरीचा. १९५०च्या दशकात काही घातले गेले नाही. भिंतीचे संरक्षण काढले गेले. माझे मत गिलाव्याच्या बाजूने आहे. गिलावा होता याची जुनी छायाचित्रे आहेत, म्हणजे येथे कल्पनेने काही रचण्याचा प्रश्न येत नाही. आणि चुन्याचा थर उद्या नकोसा झाला तर दगडाला इजा न करता काढता येतो, पण वाहून गेलेला जांभा परत आणता येत नाही.

तथापि सत्तर वर्षे उघड्या राहिलेल्या भिंतीवर एकदम गिलावा चढवणे धोक्याचे आहे. ती भिंत पाण्याने आणि क्षारांनी भरलेली आहे, शेवाळाची मुळे आत गेली आहेत. पावसाच्या मुख्य दिशेच्या एखाद्या भिंतीवर एक-दोन पट्टे करून, किमान दोन-तीन पावसाळे त्यांचे निरीक्षण करून, मगच पुढे जाणे योग्य. सिमेंटमिश्रित चुना तर मुळीच नको. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे या वास्तूचे जतन असल्याने निर्णय त्यांचा आहे. त्यावरची चर्चा मात्र छायाचित्रे आणि दगडाच्या चाचण्या समोर ठेवून व्हावी, रंगाच्या आवडीनिवडीवर नव्हे.

प्रश्न : पुरातन इमारतीचा मूळ रंग कोणता होता हे कसे ठरवतात? (परळ)

उत्तर : आपल्याला यासाठी फार लांब जावे लागणार नाही. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून खुले झाले आणि १९७५ साली त्याला सध्याचे नाव मिळाले. महानगरपालिका, इन्टॅक ही वारसा-जतन संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्या सहकार्याने त्याची मोठी दुरुस्ती झाली, तिला २००५ साली युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागातील सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २००८मध्ये ते पुन्हा खुले झाले. आतील छतावरची नक्षी आणि सोनेरी मुलामा आज दिसतो, तो अशाच शोधकामाचा परिणाम आहे.

रीत अशी : भिंतीचा न झिजलेला, सहसा दाराच्या चौकटीमागचा किंवा कपाटाआडचा भाग निवडून शस्त्रक्रियेच्या पातळ पात्याने रंगाचा एकेक थर खरवडतात, असा की प्रत्येक थराची अर्धा इंच कड उघडी राहावी. सर्वांत वर गेल्या दहा वर्षांतला ऑइल पेंट, त्याखाली सरकारी पिवळट, मग डिस्टेंपर, असे करत करत तळाशी मूळ थर येतो. छोटा तुकडा राळेत बसवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की दोन थरांमधील धुळीची रेघही दिसते आणि कोणता थर किती काळ उघडा होता याचा अंदाज येतो. येथे एक फसगत नेहमी होते. जवसाच्या तेलाचा रंग अंधारात राहिला की पिवळा पडतो, त्यामुळे नुकत्याच उघडलेल्या थराशी जुळवून रंग बनवला तर तो मूळ रंगापेक्षा मातकट ठरतो. उघडलेला पट्टा काही आठवडे उजेडात ठेवून मग जुळणी करावी. घरी हा प्रयोग करणार असाल तर जुन्या रंगांत शिसे असते हे ध्यानात ठेवून, कोरड्या काचकागदाने घासू नये.

प्रश्न : काळा घोडा येथील वॉटसन हॉटेलची इमारत खरोखर वाचवता येईल का? लोखंडी असूनही ती इतकी खिळखिळी कशी झाली? (दादर)

उत्तर : लोखंडी असूनही नव्हे, लोखंडी असल्यामुळे आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. १८६०च्या दशकात उभ्या राहिलेल्या या इमारतीचा सांगाडा रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याने आखला. त्याचे भाग इंग्लंडमध्ये ओतून-घडवून जहाजाने मुंबईत आणले आणि येथे जोडले. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलत्चित्रांचा भारतातील पहिला खेळ येथेच झाला. जमशेटजी टाटांना येथे प्रवेश नाकारला आणि म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तिला भक्कम पुरावा नाही आणि इमारत महत्त्वाची ठरण्यासाठी तिची गरजही नाही. पुढे हॉटेल बंद झाले, खोल्यांची कार्यालये आणि बिऱ्हाडे झाली, एस्प्लनेड मॅन्शन हे नाव आले. २००६ साली जागतिक स्मारक निधीने जगातील शंभर संकटग्रस्त वास्तूंच्या यादीत तिचा समावेश केला.

अशा सांगाड्यात दोन प्रकारचे लोखंड असते. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दाब उत्तम सहन करते, म्हणून खांब बिडाचे. पण ताण आला की ते वाकून सूचना देत नाही, तडकते. घडीव लोखंड चिवट असते, म्हणून ताण घेणारे भाग त्याचे. दोन्हींना गंज लागतो आणि गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापत असल्याने भोवतालचे विटकाम फुटते. विटकाम फुटले की पाणी आत शिरते आणि गंज वाढतो. त्यात पोटमाळे, न्हाणीघरे, पाण्याच्या टाक्या अशी भर पडत गेली की जोडण्यांवर आखणीत नसलेला भार येतो.

तंत्राच्या दृष्टीने ती वाचवता येईल, असे मला वाटते. मात्र ‘इमारत पक्की करा’ अशा एका ओळीच्या कंत्राटाने नव्हे. प्रत्येक खांब वेगळा रुग्ण मानावा लागेल. पोकळ बिडाचा खांब ओतताना आतला गाभा थोडा सरकलेला असू शकतो, त्यामुळे एका बाजूचा पत्रा जाड आणि दुसऱ्या बाजूचा पातळ निघतो. ध्वनिलहरींच्या यंत्राने चारही बाजूंची जाडी मोजल्याशिवाय त्याची ताकद सांगता येत नाही. तडा गेलेल्या बिडाला सरसकट वेल्डिंग करण्याची आपल्याकडची सवय घातक आहे, कारण स्थानिक उष्णतेने शेजारी नवा तडा जातो. तड्याच्या आडवे धातूचे टाके घालून, उष्णता न देता शिवण्याची पद्धत आहे आणि ती वेळखाऊ आहे. अडचण मालकी, भाडेकरूंचे हक्क आणि खर्च कोणी करायचा या त्रांगड्यात आहे. ते सुटेपर्यंत निदान छप्पर आणि पावसाच्या पाण्याचा निचरा सांभाळला तरी पुढच्यांसाठी काही शिल्लक राहील.

प्रश्न : मुंबईत राणीच्या ज्या पुतळ्याला चापेकर बंधूंनी डांबर फासले, तो अजून जपून ठेवला आहे असे कळले. परकीय सत्तेच्या अशा खुणांवर जनतेचा पैसा का खर्चावा? (चिंचवड)

उत्तर : चापेकरांच्या चिंचवडहून हा प्रश्न यावा, हे स्वाभाविक आहे. बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी दिलेल्या देणगीतून घडवलेला, मॅथ्यू नोबल या शिल्पकाराचा व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा १८७२ साली मुंबईत बसवला गेला. १८९६ साली दामोदर आणि बाळकृष्ण चापेकरांनी त्याला डांबर फासले. रँडच्या वधाआधीची त्यांची ही कृती होती. यानंतरचा भाग आपल्याकडे कमी सांगितला जातो. संगमरवर वरून गुळगुळीत दिसला तरी त्यात डांबर झिरपते. घासून ते आणखी पसरते, आणि आम्ल लावावे तर संगमरवर स्वतःच कॅल्शियम कार्बोनेट असल्याने विरघळतो. हा डाग काढण्यात यश मिळवले ते विल्सन कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी. बडोद्यात कलाभवन उभारणारे आणि पुढे अलेम्बिक या औषध कंपनीच्या स्थापनेत सहभागी असणारे ते हेच गज्जर. म्हणजे पुतळा एका देशी संस्थानिकाच्या पैशाने उभा राहिला, दोघा मराठी तरुणांनी तो काळा केला आणि एका भारतीय रसायनज्ञाने तो स्वच्छ केला. या तिन्ही गोष्टींचा पुरावा तो एकच दगड आहे. तो मोडीत काढला तर चापेकरांच्या त्या कृतीची एक प्रत्यक्ष साक्षही आपणच नाहीशी करू.

जतन म्हणजे सन्मान नव्हे, हा फरक मुंबईने बऱ्यापैकी पाळला आहे. १९६५ साली काळा घोडा चौकातून सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा हलवला गेला; असे पुतळे राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात नेऊन ठेवले आहेत. २०१७ साली मूळ चौकाजवळ नवा घोडा बसवला, तो स्वारावाचून. नावाची आठवण राहिली, राजा राहिला नाही. जुन्या पुतळ्याची नक्कल करण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक सरळ वाटतो.

खर्चाविषयी बोलायचे तर, संग्रहालयाच्या आवारातील संगमरवराला लागतो तो नियमित, थोडा खर्च : शुद्ध पाण्याने व मऊ ब्रशने धुणे, पक्ष्यांची विष्ठा वेळीच काढणे, डाग खोल असेल तर चिकणमातीचा ओला लेप लावून तो सुकताना डाग ओढून घेऊ देणे. दुरुस्तीच्या नावाखाली पुतळ्यांना ऑइल पेंट फासण्याची आपल्याकडची हौस मात्र खर्चिकही आहे आणि हानिकारकही. संगमरवराचे तिने डांबराहून अधिक नुकसान केले आहे.

प्रश्न : पूर्ण कोसळलेली वास्तू हुबेहूब पुन्हा बांधणे योग्य की अवशेष तसेच ठेवणे योग्य? (नागपूर)

उत्तर : जुन्या गोव्यात दोन्ही प्रकार थोड्याच अंतरावर पाहायला मिळतात. वास्को द गामाच्या स्मरणार्थ त्याचा पणतू, व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द गामा याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेली कमान १९४८ साली कोसळली आणि १९५४ साली पुन्हा बांधण्यात आली. तेथे पुनर्बांधणी समर्थनीय ठरते, कारण कमान लहान, तिची छायाचित्रे व मापे उपलब्ध, दगड जागेवर पडलेले, आणि ती आजही रस्त्यावरचे द्वार म्हणून वापरात आहे.

दुसरीकडे संत ऑगस्टिनचे चर्च. धार्मिक संघांवर बंदी आल्यावर १८३५ साली ते ओस पडले, १८४२ साली त्याची कमानदार छत कोसळली, १९३१ साली मनोऱ्याचा दर्शनी भाग पडला. आता मनोऱ्याचा अर्धा भागच उभा आहे. त्याची घंटा मात्र पणजीच्या चर्चमध्ये आहे आणि वाजते. हे चर्च पुन्हा बांधायचे म्हटले तर भिंतींवरची चित्रे, वेद्या, छताचे तपशील या सगळ्यांत अंदाजच बांधावे लागतील. आणि जेथे अंदाज सुरू होतो तेथे दुरुस्तीने थांबावे, असे व्हेनिस सनद सांगते. न बांधल्याचा एक लाभ तर डोळ्यांसमोर आहे. १६२४ साली शिराझ येथे मारल्या गेलेल्या जॉर्जियाच्या केतेवान राणीचे अवशेष ऑगस्टिनी धर्मगुरूंनी येथे आणल्याची नोंद होती. पडक्या चर्चच्या उत्खननात एक हाड सापडले, त्याच्या जनुकीय तपासणीचे निष्कर्ष त्या नोंदीशी जुळले आणि २०२१ साली भारताने त्याचा भाग जॉर्जियाला दिला. तेथे नवे काँक्रीट ओतले असते तर हे घडले नसते. अवशेष ठेवायचे म्हणजे दुर्लक्ष करायचे, असे मात्र नाही : भिंतीच्या उघड्या माथ्यावर चुन्याची टोपी घालणे, पिंपळ-वडाची रोपे बोटभर असतानाच मुळासकट काढणे, ही कामे दर वर्षी करावीच लागतात.

प्रश्न : आमच्या गिरगावातील इमारतीला श्रेणी तीनचा दर्जा आहे. केवळ रंगकामासाठीही परवानगी लागते का? आणि जिन्यातील नक्षीदार फरश्या आम्लाने धुतल्या तर चालेल का? (गिरगाव)

उत्तर : मुंबईची वारसा नियमावली १९९५ साली लागू झाली. देशातील अशी ती पहिली. तिच्या मूळ शब्दांत दुरुस्ती, गिलावा आणि रंगकाम यांसाठीही महापालिका आयुक्तांची लेखी पूर्वपरवानगी सांगितलेली आहे, आणि आयुक्त त्यासाठी वारसा समितीचा सल्ला घेतात. श्रेणी एकच्या वास्तूला जवळजवळ हात लावता येत नाही, दोनमध्ये ‘अ’ आणि ‘ब’ असे उपप्रकार आहेत, आणि तीनमध्ये सर्वाधिक मोकळीक आहे. पण मोकळीक म्हणजे परवानगीची माफी नव्हे. विभाग कार्यालयात सध्याच्या तरतुदी विचारून, इमारतीची आजची छायाचित्रे जोडून अर्ज करावा. अर्जात ‘रंगकाम’ एवढेच न लिहिता कोणता रंग, कशावर, आणि आधीचा कसा काढणार हे लिहिल्यास उत्तर लवकर मिळते.

फरश्यांना आम्ल मुळीच लावू नका. गिरगावच्या इमारतींत बहुधा सिमेंटच्या रंगीत फरश्या असतात. १९२२ साली मुंबईत सुरू झालेल्या भारत टाइल्ससारख्या कारखान्यांनी विलायती मालाला पर्याय म्हणून त्या बनवल्या. नक्षीचा थर वरच्या काही मिलिमीटरांतच असतो आणि आम्ल तोच खाते. सौम्य साबणाचे पाणी, मऊ ब्रश आणि मग स्वच्छ पाणी, एवढे पुरे. एखादी फरशी फुटली असेल तर ती नवी बनवून घेता येते. मात्र तुकडे टाकून देऊ नका, रंग आणि साचा जुळवण्यासाठी कारागीर तेच मागतो.